नासचा खरा बहर कुठला? वहीतली नववी नोंद
न्यूयॉर्कचा रॅपर नास ऐकताना मी एक वही ठेवतो; त्याचा खरा बहर तरुणपणीचा की आत्ताचा, हे तीत शोधतोय. गेल्या दोन महिन्यांत ती बरीच पुढे सरकली. २०१२चा 'लाइफ इज गुड' संपवला, २०१८चा 'नासिर' दोनदा ऐकून बाजूला ठेवला, आणि मग निर्माता हिट-बॉयबरोबरचे सहाही अल्बम ओळीने घेतले. ऑगस्ट २०२० ते सप्टेंबर २०२३, जेमतेम तीन वर्षांत सहा. शेवटचा 'मॅजिक ३' आला १४ सप्टेंबरला, नासच्या पन्नासाव्या वाढदिवशी.

नवीन आलेल्यांसाठी पद्धत पुन्हा सांगतो. पहिल्यांदा ऐकताना शब्द समोर ठेवायचे नाहीत. एखाद्या ओळीला हात आपोआप गाणं मागे न्यायला गेला, की वहीत एक रेघ. शब्द नंतर वाचायचे.

या वेळी रेघांच्या आधी टोकनबद्दल, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या मालकीच्या डिजिटल नोंदीबद्दल, लिहायला हवं, कारण त्यानं माझी वही जवळजवळ बिघडवली होती. जानेवारी २०२२ मध्ये नासनं 'अल्ट्रा ब्लॅक' आणि 'रेअर' या दोन गाण्यांच्या स्ट्रीमिंग रॉयल्टीतला आपला निम्मा वाटा 'रॉयल' या व्यासपीठावर टोकनांच्या रूपात विकायला काढला. गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशा तीन पायऱ्या. त्याला हे जग नवीन नव्हतं; त्याच्या क्वीन्सब्रिज व्हेंचर पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीनं कॉइनबेस या क्रिप्टो बाजारात फार आधी पैसे घातले होते. मी तेव्हा जर्सी सिटीत राहत होतो. 'रेअर'चं एक गोल्ड टोकन घेतलं.

गोल्डचा वाटा एका टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. म्हणजे गाण्यानं स्ट्रीमिंगमधून एक लाख डॉलर मिळवले, तर आपल्या हाती दहाएक डॉलर. गाण्याची मालकी आपली होत नाही, लेखनाचे हक्कही येत नाहीत. येतो तो फक्त त्या उत्पन्नातला कण. मला ते पुरेसं होतं, आवडत्या गाण्याशी कागदोपत्री नातं जोडल्याचा आनंद खरा होता.

पण कान बदलला. 'रेअर' ऐकताना मी किती वेळा वाजलं हे पाहायला लागलो. मध्येच बीट बदलते ती जागा मला मनापासून आवडते, तरी तिथे मारलेल्या रेघा गाण्याच्या होत्या की माझ्या वाट्याच्या, हे ठरवता येईना. शेवटी 'रेअर'चं पान फाडलं आणि सहा महिने ते गाणं वहीबाहेर ठेवलं. आता परत ऐकलं. रेघा सात, आधी पंधरा होत्या. ज्यांच्याकडे कुठल्याही कलाकाराचं टोकन आहे, त्यांनी ते गाणं तुलनेत धरूच नये असं माझं ठाम मत झालंय.

दुसऱ्या एका छोट्या व्यासपीठावर टोकन म्हणून घेतलेलं कव्हरचित्र तर आता दिसतच नाही. टोकन माझ्या डिजिटल वॉलेटमध्ये जसंच्या तसं आहे, पण चित्राची फाइल त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर होती आणि तो बंद पडला. ब्लॉकचेनवर होती ती नोंद, चित्र नव्हे. घेण्याआधी फाइल कुठे ठेवली आहे ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

आता मुख्य प्रश्न. त्याचा पहिला अल्बम 'इलमॅटिक' एप्रिल १९९४चा. नास वीस वर्षांचा, नऊ गाणी आणि एक प्रास्ताविक, चाळीस मिनिटांच्या आत. माझ्या ४१ रेघा. हिट-बॉयबरोबरच्या सहांतला 'किंग्ज डिसीज ३' नोव्हेंबर २०२२चा, पाहुणा रॅपर एकही नाही. ३८ रेघा, पण लांबी जास्त. आकड्यानं 'इलमॅटिक' जिंकतो, आणि तरी मला ते पटत नव्हतं.

म्हणून भारतात आल्यावर मावसभावाला बसवलं. तो अंधेरीचा, मुंबईच्या डिव्हाइन या रॅपरमुळे रॅपकडे वळला आणि 'गली बॉय'च्या वेळी नासचं नाव त्याला कळलं. १९९४चं ओझं त्याच्या कानावर नाही. त्याला 'किंग्ज डिसीज ३' आधी दिला, 'इलमॅटिक' आठवड्यानं. त्याच्या रेघा २९ आणि २७. तो म्हणाला, "दादा, पहिल्यात माणूस आठवून सांगतोय, दुसऱ्यात खिडकीतून बघून सांगतोय."

हे ऐकून मला क्वीन्सब्रिज आठवलं, नास जिथे वाढला ती न्यूयॉर्कमधली वसाहत. सबवेनं एकविसाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलं की सहा मजली विटांच्या इमारतींची रांगच लागते, वर पुलाची घरघर. एकीकडून दुसरीकडचं अंगण सरळ दिसतं. 'वन लव्ह' हे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांचं गाणं अशाच जागी सुचू शकतं: कोण कुठे उभं आहे, कुणाचं मूल कुणासारखं दिसतंय, सगळं नजरेच्या टप्प्यात. पन्नाशीचा नास तिथून निघून गेलाय. त्याच्या ओळीत आता गर्दी कमी, श्वास लांब. तो जे गेले त्यांची नावं घेतो आणि थांबतो. त्या थांबण्याला मी रेघ मारत नव्हतो. माझ्या पद्धतीतली ही मोठी चूक.

त्यामुळे वहीत दुसरा रकाना आलाय: ओळ संपल्यावर गाणं हातानं थांबवावंसं वाटलं, तर टिंब. टिंबांत 'किंग्ज डिसीज ३' बराच पुढे आहे, १९ विरुद्ध ८. माझ्यापुरता त्याचा दुसरा बहर तिथे आहे, पहिल्याच्या तोडीचा. २०२१च्या ग्रॅमीत 'किंग्ज डिसीज'ला पारितोषिक मिळालं, त्याचं पहिलंच. पण मला तिसरा भाग त्याहून भरीव वाटतो.

पुढची नोंद निर्माता डीजे प्रीमियरबरोबरच्या 'लाइट-इयर्स' या अल्बमची. हेडफोनला नवे पॅड लावलेत, शब्द अजून वाचलेले नाहीत. मावसभावालाही वाचू नको म्हणून सांगितलंय.