'रेयांश'चा अर्थ : तुम्ही विचारलंत म्हणून

जळगाव-धुळ्याकडे संस्कृत शिकवणाऱ्याला आता श्लोकाचा अर्थ फारसं कुणी विचारत नाही. नावाचा विचारतात, आणि त्यातही पुन्हा पुन्हा एकाच नावाचा : रेयांश. तोवर बारसं झालेलं असतं, आत्याने कानात कुर्र केलेलं असतं, पत्रिकेवर 'प्रकाशाचा किरण, विष्णूचा अंश' छापून झालेलं असतं. अर्थ ठाऊकच असतो, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मला देता येत नाही. का, ते एकदा सविस्तर सांगतो.

'अंश' खरा आहे. शिव + अंश = शिवांश, दिव्य + अंश = दिव्यांश. रेयांश तसाच सोडवला तर मागे 'रेय' उरतो, आणि असा शब्द संस्कृतात नाही. 'रै' आहे, म्हणजे धन. पण रै + अंश म्हणजे रायंश. ऋग्वेदातला 'रयि' घ्या, तोही धनच. त्याचं होतं रय्यंश. विष्णू यात कुठेच सापडत नाही. 'किरण' मात्र इंग्रजी 'रे'वरून आलेला दिसतो.

माझ्या मते हे नाव 'श्रेयांस'वरून घसरत आलं आहे. श्रेयस् म्हणजे अधिक चांगलं, कल्याणकारक. पुल्लिंगी रूपं चालवा : श्रेयान्, श्रेयांसौ, श्रेयांसः. जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ, आणि जैन घरांत हे नाव जुनंच आहे. त्यात 'अंश' मुळीच नाही, शेवटी 'स' आहे. कानाला तो अंशासारखा लागला, म्हणून 'श्रेयांश' लिहिणं सुरू झालं. पुढे पहिला 'श'ही गळाला असावा. अहिराणी बोलणारी आजी 'श'चा 'स' करते आणि नातवाला 'रेयांस' म्हणून हाक मारते. घरातले तिला दुरुस्त करतात. तिला दुरुस्त करू नका, मुळाच्या सगळ्यांत जवळ तीच आहे.

'रे'च का, हेही सांगतो. स्वाती नक्षत्राची चरणाक्षरं रू, रे, रो, ता. दुसऱ्या चरणावर जन्म झाला की भटजी 'रे' सांगतात, घरचे मोबाइलवर 'रे'ची नावं शोधतात आणि पहिल्या पानावर जे येईल ते ठेवतात. मृगाच्या चौथ्या चरणाच्या 'की'वरून 'कियान' येतं तेही असंच. फारसीत ते इराणी दंतकथांतल्या कयानी राजांशी जोडलेलं भारदस्त नाव आहे. पण संस्कृतात 'कियान्' म्हणजे 'केवढा?'. मोबाइलवर सापडणारा 'देवाची कृपा' हा अर्थ दोन्हीकडे नाही.

नाव ठरवण्याआधी तपासायला दहा मिनिटं पुरतात. शेवटचा अंश, ईश, इका बाजूला काढा. संधी उलटी सोडवा. उरलेला शब्द आपटे किंवा मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात बघा, पण मूळ रूपाने : 'श्रेयान्' शोधलंत तर हाती काही लागणार नाही, 'श्रेयस्'खाली सगळं मिळेल. बहुतेक लोक इथेच अडतात आणि कोश अपुरा आहे असं म्हणून मोकळे होतात. घाईही नसते. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, नाव नाही. नाव नोंदवायला बारा महिने कोणतंही शुल्क लागत नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नोंदवता येतं. एकदा नोंदवल्यावर बदलायचं म्हटलं तर मात्र राजपत्रापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत फिरावं लागतं. रोमन लिपीतलं स्पेलिंगही त्याच वेळी ठरवा, आणि आधारवर तेच घाला.

कोशात नाही ते नावच नाही, असं मी पूर्वी ठासून सांगत असे. आता भटू, दगडू, उकर्डा आठवतात. आधीची लेकरं हाती लागली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये, यासाठी ठेवलेली ही नावं आपल्याच गावांतली. त्यांना कुणी व्याकरण विचारलं नाही. मग रेयांशालाच का विचारायचं? फरक एवढाच दिसतो, की दगडूच्या आईला त्या नावाचा अर्थ पक्का ठाऊक होता. पण तेवढ्याने माझा आक्षेप टिकतो का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. 'नाव चांगलं शे, पन तेना अर्थ काय?' असं एखादे आजोबा विचारतात आणि शेजारी सून बाळाला घेऊन उभी असते, तेव्हा खरं बोलायला जीभ जड होते. तरी खोटा अर्थ मी सांगत नाही. 'अर्थ नाही, नाव तुमचं आहे,' एवढंच म्हणतो. त्यावर माणसं दुखावतात, आणि त्यांचं दुखावणं मला कळतं.

ज्यांचं बारसं अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. 'रे' आणि प्रकाश दोन्ही हवे असतील तर रेवंत आहे, तो सूर्यपुत्र. मुलगी असेल तर रेवा, म्हणजे नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा. आणि स्वातीच्या चौथ्या चरणावर, 'ता'वर, तापी आहे. तीही पुराणात सूर्याचीच मुलगी.