चाक आऊट

लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाला काही ना काही सुचलं. कुणी बाल्कनीत मेथी लावली, कुणी केक केले, मी सायकल घेतली. पन्नाशी जवळ आलेल्या माणसाला शोभेल अशी, गिअरबिअर असलेली. दोनेक वर्षांत तिचं पुढचं चाक आऊट झालं. दर फेऱ्याला एकदा ब्रेकच्या रबराला घासायचं, खस्स. पुन्हा खस्स.

दुरुस्तीवाल्याने मला शेजारी स्टुलावर बसवून काम केलं. रिमच्या कडेशी खडू धरायचा आणि चाक फिरवायचं. रिम जिथे बाहेर येते तिथेच रेघ उठते. मग त्या बाजूच्या तारा किंचित सैल करायच्या, समोरच्या किंचित कसायच्या. पाव फेरा, जास्त नाही. पुन्हा फिरवायचं, पुन्हा खडू. हे बघताना आपल्याला आता आयुष्याबद्दल काहीतरी खोल सुचणार, अशी मला धास्ती वाटली. तसलं काही सुचलं नाही. साताऱ्यातली भाड्याची सायकल तेवढी आठवली, आणि कॅरिअरवर बसलेला तो.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या नावावर एकदा नको ते लिहिलं गेलंय.

१९८४ची मे महिन्याची सुट्टी. राजवाड्याजवळच्या एका दुकानात तासाला पन्नास पैशांनी सायकल मिळायची. डिपॉझिट नाही, ओळखपत्र नाही. दुकानदार विचारायचा, "कुणाचा रं तू?" वडिलांचं नाव सांगायचं, ते लांबट वहीत चढायचं, पुढे भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ. आता मोबाइलवर ओटीपी येतो. तेव्हा बाप हाच ओटीपी. माझे वडील मास्तर, त्याचे टेलर. घराच्या ओटीवरच त्यांचं मशीन होतं.

त्या दिवशी वहीत नाव त्याच्या वडिलांचं होतं. पन्नास पैसेही त्याचेच. डबलसीटला सक्त मनाई, म्हणून कोपरा वळेपर्यंत तो एकटा चालवत गेला आणि मी मागून पळत. राजवाड्यावरून पोवई नाक्याकडे जाताना उतार. पेडलवर पाय नुसते ठेवले तरी चालतं, येताना मात्र जीभ बाहेर. उताराला हँडल मी मागितलं. हट्टच केला. तो बिचारा कॅरिअरवर सरकला. कमानी हौदाच्या पुढे मी ब्रेक दाबले. दांड्याचे ब्रेक, ते काही लागले नाहीत. हातगाडी लागली. आम्ही दोघे शाबूत, पुढच्या चाकाचा आठाचा आकडा.

चाक फिरेना. तो हँडल उचलून धरून पुढे चालला, मी मागून ढकलत होतो. सगळ्या चढावर तो एवढंच म्हणत होता, "अर्धे अर्धे भरू."

दुकानदाराने चाक बघितलं, मग आम्हाला. "चालवत कोण हुतं?"

"हा," मी म्हणालो. इतकं पटकन, की ते माझं मलाच उशिरा ऐकू आलं.

"मी नव्हतो," तो म्हणाला. एकदाच. पण मी मास्तरांचा मुलगा, आणि वहीत नाव त्याच्या बापाचं.

रिम, तारा, मजुरी मिळून तीस रुपये. तेवढ्यासाठी किती शर्ट शिवावे लागतात हे मी तेव्हा मोजलं नाही. नंतर पुष्कळदा मोजलं, झोप येत नसली की. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. कट्टी घ्यायलासुद्धा आधी भांडावं लागतं, त्यानं मला तेवढंही दिलं नाही. मी मात्र त्याच्या आळीतून जायचं सोडलं, लांबचा रस्ता धरला. तो रस्ता पुढे पार पुण्यापर्यंत गेला.

चाक सरळ झालं त्या वर्षीच्या दिवाळीत साताऱ्याला गेलो. घर तेच, ओटीला आता ग्रिल. त्याला सगळं सांगितलं. त्याचं उत्तर मी मनात लिहूनही ठेवलं होतं: 'जाऊ दे रे, पोरं होतो आपण.'

"मला काय सांगतोस?" तो म्हणाला. "मला माहितीच आहे. बाबांना सांग."

काका आतल्या खोलीत कॉटवर बसले होते. ऐंशी ओलांडलेली, कान गेलेले. कबुली हलक्या आवाजात द्यायची असते अशी माझी समजूत. पहिल्यांदा ते "आँ?" म्हणाले. दुसऱ्यांदा "कोण पडलं?" तिसऱ्यांदा मी ओरडलोच, "सायकल मी आपटली होती, काका!" समोरच्या घरातली बाई हातातला झारा घेऊन दारात आली.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग माझ्याकडे नाही, मुलाकडे वळले. "तू सांगितलं होतंस."

"हो."

"मी मारलं तुला."

"दोन," तो पंख्याकडे बघत म्हणाला.

मी तीस रुपयांचा हिशेब घेऊन गेलो होतो. या दोन माझ्या वहीत कुठेच नव्हत्या. कोपऱ्यातल्या मशीनवर फुलाफुलांचं कापड टाकलेलं होतं, त्यावरची फुलं मी मोजत बसलो.

"ते बटण लोंबतंय," काका म्हणाले.

मी खाली बघितलं. खरंच लोंबत होतं.

"काढ शर्ट."

मी काढला आणि परक्याच्या घरात, ऐन दिवाळीत, बनियनवर बसलो. काकांनी उशाच्या डब्यातून सुई काढून खिडकीच्या उजेडाकडे धरली. दोरा हुकला. पुन्हा हुकला. तिसऱ्यांदा त्यांनी सुई मुलाकडे दिली. त्यानं दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, एका झटक्यात ओवलं, आणि सुई परत त्यांच्या हातात ठेवली.

काकांनी दोरा शर्टावर धरून बघितला. "हा पांढरा आहे. शर्ट क्रीम आहे. दुसरा आण."

तो आणायला उठला.