मेंबर्स लाउंजच्या दारावर

नवी मुंबईतल्या एका क्लबात मी ड्युटी मॅनेजर आहे. खाली बॅडमिंटनची कोर्टं, मागच्या अंगाला स्विमिंग पूल आणि पहिल्या मजल्यावर काचेच्या भिंतीचं मेंबर्स लाउंज. या लाउंजमधून मधलं कोर्ट थेट समोर दिसतं, म्हणून स्पर्धेच्या दिवशी तिथल्या खुर्चीला फार मान असतो. लाउंजला ड्रेस कोड आहे. तो पाळला जातोय की नाही हे बघणं कागदावर माझ्याकडे आहे. प्रत्यक्षात ते काम करायचा दारावरचा सिक्युरिटीचा मुलगा. एजन्सीतून आलेला, बारा तासांच्या ड्युटीवर, बहुतेक वेळ उभा. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला अडवायचं हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागायचं, तेही समोरच्याच्या अंगावरच्या कपड्यांकडे बघून.

क्लबातले सगळेच नियम निरर्थक असतात असं मला मुळीच वाटत नाही. कोर्टवर नॉन-मार्किंग सोलचे बूट हवेत म्हणजे हवेत. काळ्या तळव्याचा बूट घालून कोणी अर्धा तास खेळला की लाकडी कोर्टवर पट्टे उमटतात आणि ते काढता काढता हाउसकीपिंगच्या बायकांचे हात दुखतात. पूलमध्ये नायलॉनचा कॉस्च्युम आणि टोपी लागते, कारण सुती कपड्याचे धागे आणि केस फिल्टरमध्ये जाऊन बसतात. ओल्या कपड्यांनी सोफ्यावर बसायचं नाही, यालाही कोणी कारण विचारत नाही. असे नियम सांगताना मला कधी आवाज चढवावा लागला नाही, कारण पुढच्या वाक्यात कारण सांगता येतं.

लाउंजच्या नियमाचं तसं नाही. आमच्या पुस्तिकेत तेव्हा लिहिलेलं होतं: सभासद व पाहुण्यांनी ‘स्मार्ट कॅज्युअल’ पोशाखात यावे, शॉर्ट्स, बिनबाह्यांचे टी-शर्ट व रबरी चप्पल यांस मनाई, भारतीय पोशाखास मुभा. आणि त्याखाली वेगळं कलम: आया, ड्रायव्हर व घरगुती मदतनीस यांना लाउंजमध्ये प्रवेश नाही. ही दोन कलमं एकाखाली एक छापलेली होती, आणि दारावर उभं राहिलेल्या माणसाच्या डोक्यात ती एकमेकांत मिसळायची. ते कसं होतं, हे त्या रविवारी मी डोळ्यांनी पाहिलं.

पंधरा वर्षांखालील मुलींची आंतर-क्लब फायनल होती. मे महिन्याची दुपार. बाहेर इतका उकाडा की पार्किंगमधून आत येईपर्यंत माणूस घामाने भिजत होता. फायनलच्या दोन्ही मुलींच्या घरच्यांसाठी लाउंजचे दोन-दोन पास दिले होते. त्यांतली एक मुलगी बेलापूरजवळच्या दिवाळे गावातली. कोळ्यांचं गाव, खाडीच्या कडेला, मासळीबाजारासाठी सगळ्या नवी मुंबईला माहीत असलेलं. पोरगी आमच्या क्लबची सभासद नाही. कोचने तिचा खेळ बघून शिष्यवृत्तीवर घेतलेली. तिची आई लवकर आली होती. पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स. पास दाखवून ती सरळ आत गेली, कोणी काही विचारलं नाही.

आजी नंतर आली. रविवार म्हणजे मासळीच्या धंद्याचा मुख्य दिवस. तो अर्ध्यावर दुसरीच्या हवाली करून, घरी जाऊन, आंघोळ करून ती आली होती. गुडघ्यापर्यंत चापूनचोपून नेसलेलं गर्द हिरवं लुगडं, खांद्यावरून घेतलेली कोळणींची फडकी, अंबाड्यात अबोलीची वेणी, हातात हिरव्या बांगड्या आणि पायात निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. ठेवणीतलं लुगडं होतं ते. घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. नातीची फायनल बघायला ती नटून आली होती.

दारावरच्या मुलाने तिला अडवलं. मी तेव्हा अंपायरच्या चहाचं बघायला खाली गेले होते. जिना चढून वर येते तो ती दाराशी एका बाजूला उभी, आणि मुलगा तिला हाताने जिन्याकडे दाखवून सांगत होता की कामवाल्या बायकांनी मागच्या बाजूला थांबायचं, बोलावलं की जायचं. आजीने कमरेची पिशवी उघडली. त्यातून सुटे पैसे, तंबाखूची डबी बाजूला सारून चार घड्या घातलेला पास काढला आणि त्याच्यापुढे धरला.

“माजे नातीचा खेल हाय. पास तुमीच दिलाव ना?”

मुलाने पास उलटापालटा करून पाहिला. पास खरा होता. मग तो चपलेवर घसरला. रबरी चप्पल चालत नाही म्हणाला. आजीने एका शब्दाने वाद घातला नाही. देवळाच्या पायरीवर काढतात तशी चप्पल काढून तिने भिंतीशी नीट जोडून ठेवली आणि विचारलं, “आता जाऊ?”

मी पुढे झाले. “आजी, चप्पल घाला पायात. आत एसीने फरशी गार पडलीये,” म्हटलं आणि त्यांना घेऊन आत गेले. पुढच्या रांगेत त्यांच्या सुनेशेजारी बसवलं, पाणी दिलं. दुसऱ्या गेममध्ये नात मागे पडली तशी आजी खुर्चीच्या कडेला येऊन बसली आणि मॅच संपेपर्यंत तिथून हलली नाही. मुलगी तिसऱ्या गेममध्ये हरली. पण शेवटाकडे तिने दोन ड्रॉप असे टाकले की वरच्या काचेआडून ज्येष्ठ सभासदांनी उठून टाळ्या वाजवल्या.

लाउंजमध्ये त्याच वेळी, डाव्या कोपऱ्यात, आमचे एक जुने सभासद बर्म्युडा आणि फ्लोटर्समध्ये बसले होते. आजीच्या बऱ्याच आधी आले होते, आणि दारावरच्या त्याच मुलाने त्यांना सलाम करून आत सोडलं होतं. पुस्तिकेप्रमाणे शॉर्ट्सना स्पष्ट मनाई होती. मी मुलाला बाजूला घेऊन विचारलं. तो खाली बघत म्हणाला, “मॅडम, साहेब ओळखीचे आहेत. त्यांना अडवलं तर एजन्सीला फोन जातो, आणि मग दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर. आजींना अडवलं नसतं तरी शिव्या मलाच होत्या. कोणीतरी म्हणालंच असतं की कामवाल्यांना आत कसं सोडलं.”

त्याच्यावर मी रागावू शकले नाही. तो जालन्याहून आलेला, त्याच्या अंगावर मापाबाहेरचा निळा गणवेश. क्लबने त्याच्या हातात ‘स्मार्ट कॅज्युअल’ असे दोन शब्द ठेवले आणि माणसं पारखायला सांगितलं. त्याला कपडे पारखता येत नाहीत, कोणालाच येत नाहीत. मग तो ओळख बघतो, गाडी बघतो, बोलण्याची ढब बघतो. लुगडं नेसलेली म्हातारी बाई त्या मोजमापात कामवालीच ठरते. चप्पल हे नंतर सापडलेलं निमित्त.

संध्याकाळी तक्रार आली. आजींच्या बाजूने नव्हे, आजींविरुद्ध. एका सभासदाने लिहून दिलं की लाउंजमध्ये मासळीचा वास येत होता आणि ड्रेस कोड धाब्यावर बसवला गेला. मी सबंध मॅच आजींच्या मागे दोन हातांवर उभी होते. वास होता तो अबोलीचा आणि साबणाचा. मॅच संपल्यावर कोचने कौतुकाने सगळ्यांना सांगितलं की या दिवाळ्याच्या बाजारात मासळी विकतात. तक्रार त्यानंतरची आहे. हे मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं, वेळेसकट.

त्या आठवड्यात कमिटीसमोर बसावं लागलं. सेक्रेटरी साहेब सज्जन गृहस्थ आहेत, पण परंपरा या गोष्टीवर त्यांची श्रद्धा आहे. ते म्हणाले, शिस्त नको का? लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये कोट आणि टाय लागतोच. विंबल्डनच्या रॉयल बॉक्समधून २०१५ साली लुइस हॅमिल्टनला परत पाठवलं. आपल्या मुंबईत विलिंग्डन क्लबने १९८८ साली एम. एफ. हुसेनना अनवाणी आले म्हणून आत घेतलं नाही.

ही उदाहरणं मला ठाऊक होती, आणि मला ती माझ्याच बाजूची वाटतात. हॅमिल्टन त्या वेळी फॉर्म्युला वनचा जगज्जेता होता. जॅकेट-टाय नाही म्हणून त्यालाही आत घेतलं नाही. म्हणजे तिथला नियम पटो न पटो, तो लेखी आहे, आधी कळवलेला आहे आणि जगज्जेत्यालाही लागू आहे. आमचा बर्म्युडाला लागू नव्हता. लॉर्ड्सचं म्हणाल तर २०२२ च्या जुलैत इंग्लंडात उष्णतेची लाट आली तेव्हा तिथल्या एमसीसी या क्रिकेट क्लबनेही सभासदांना कोटाची सक्ती सैल केली. आणि ज्या परंपरेचा आपण दाखला देतो, त्याच एमसीसीने १७८७ साली स्थापना झाल्यापासून १९९८ पर्यंत स्त्रियांना सभासदच करून घेतलं नव्हतं. तीही परंपराच होती. ती त्यांनी मतदान करून मोडली.

मग मी चेन्नईतल्या चेपॉकचं सांगितलं. जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे एक विद्यमान न्यायमूर्ती तामिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात पुस्तक प्रकाशनाला गेले. अंगावर वेष्टी होती, म्हणजे आपलं धोतरच. त्यांना दारातून परत पाठवलं. त्यावर तिथे इतका गदारोळ झाला की त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने कायदा केला: वेष्टी किंवा भारतीय पारंपरिक पोशाख घातला म्हणून क्लबात प्रवेश नाकारता येणार नाही, नाकारला तर परवाना जाऊ शकतो. तो कायदा तामिळनाडूपुरता आहे, पण तिथे जे घडलं ते आमच्या जिन्यावर घडलं होतं. २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात तर जेवणाच्या टेबलावरून मेघालयातल्या खासी जमातीच्या एका बाईंना उठायला सांगितलं गेलं. सभासदाच्या निमंत्रणावरून आलेल्या, अंगावर जैनसेम हा त्यांचा पारंपरिक पोशाख. क्लबच्या माणसांना त्या कामवाल्या वाटल्या. दिल्लीची ही बातमी वाचली होती तेव्हा मी याच नोकरीत होते, आणि आमच्याकडे असं होणार नाही असं क्लबातले सगळे म्हणाले होते.

कमिटीवर एक डॉक्टर बाई आहेत, स्वतः कॉलेजात बॅडमिंटन खेळलेल्या. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघाने वरच्या स्पर्धांत स्त्री खेळाडूंनी स्कर्ट किंवा ड्रेसच घालावा असं ठरवलं होतं, खेळ आकर्षक दिसावा म्हणून. खेळाडूंनी आणि देशोदेशींच्या लोकांनी विरोध केला आणि २०१२ मध्ये तो विचार सोडून द्यावा लागला. त्या म्हणाल्या, शटल मारायला स्कर्ट लागत नाही आणि मॅच बघायला बंद बूट लागत नाहीत. नियम करणाऱ्याने आधी कारण लिहावं. कारण लिहिता आलं नाही तर नियम करू नये.

मला याहून नेमकं बोलता आलं नसतं. चर्चा बराच वेळ चालली, मध्येच पार्किंगच्या विषयावर गेली, परत आली. शेवटी ‘स्मार्ट कॅज्युअल’ हे शब्द काढायचं ठरलं. आता लाउंजच्या दारावर मराठी आणि इंग्रजीत बोर्ड आहे: ओले कपडे नकोत, स्पाइक्स आणि चिखलाचे बूट नकोत, पूलचा कॉस्च्युम घालून येऊ नये. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण. चप्पल कोणतीही चालते. शॉर्ट्सना मनाई काढली, कारण ती पाळून घ्यायची कोणाचीच तयारी नव्हती आणि न पाळलेला नियम फक्त गरिबाच्या अंगावर येतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दारावरचा मुलगा आता कोणालाही कपड्यांवरून स्वतः परत पाठवत नाही. शंका आली तर तो ड्युटी मॅनेजरला इंटरकॉमवर बोलावतो, आणि नाही म्हणायचं ते मॅनेजर म्हणतो. एजन्सीलाही तसं लेखी कळवलं आहे, की या दारावरच्या तक्रारीसाठी गार्डची बदली करायची नाही.

अध्यक्षांनी आजींना पत्र पाठवलं. मी म्हटलं होतं की पत्राबरोबर कोणीतरी जायला हवं, म्हणून मी आणि कोच दिवाळ्याला गेलो. बाजारात त्यांच्या फळीशी गिऱ्हाइकांची गर्दी होती. हात पाण्याने धुऊन, पदराला पुसून त्यांनी पत्र घेतलं, सुनेकडे दिलं आणि कोचला विचारलं, “पोरीचा बॅकहँड कवा सुधरवशील?”

आया-ड्रायव्हरचं कलम मात्र अजून पुस्तिकेत तसंच आहे. कमिटी म्हणाली, ते सर्वसाधारण सभेशिवाय बदलता येत नाही. ठराव मांडायचा हक्क सभासदांचा, नोकरांचा नाही. डॉक्टर बाईंनी मसुदा मागितला, तो मी लिहून दिला आहे. त्यावर त्यांची सही आहे आणि आणखी काही सभासदांच्या सह्या त्या गोळा करत आहेत.