धापेवाड्याच्या वाटेवरची खपली

नागपूरच्या काटोल रोडवर गोरेवाडा मागे पडलं आणि फेटरीच्या अलीकडे माझा पाय घसरला. मागून ट्रक आला म्हणून दिंडी डांबराखाली उतरली, तिथे ओली गिट्टी होती. उजवा गुडघा सोलवटला. पुढच्या आजी लगेच थांबल्या. "हळद दाब वो पोरी," म्हणत कनवटीची पुडी सोडू लागल्या. मी म्हटलं, "आजी, आधी पाणी." पंधरा वर्षं दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये काढली आहेत, जखमेत माती राहिली तर वरून काहीही लावून उपयोग नाही. बाटलीभर पाणी ओतून खडा न् खडा काढला.

रक्त थोड्याच वेळात थांबलं. तुटलेल्या नसेपाशी प्लेटलेट गोळा होतात, फायब्रिन या प्रथिनाचे धागे जाळं विणतात, त्यात तांबड्या पेशी अडकतात. ही गुठळी वाळली की खपली.

कळमेश्वरच्या मुक्कामी कंदिलाशी बसून गुडघा नीट पाहिला. मधोमध काळपट लाल, कडेला मधासारखा पिवळट पापुद्रा. तो पू नव्हता, वाळलेली लस होती, म्हणजे जखमेतून झिरपणारं पिवळसर पाणी. सकाळी मधला भाग तपकिरी-काळा झाला. हिमोग्लोबिनातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि पाणी उडून जातं, म्हणून हा रंग. खपली काळी पडली की जखम सडली असं समजून माणसं घाबरून येतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

गुडघ्यावरची खपली मात्र दर पावलाला तडकते. मी व्हॅसलीन लावून पट्टी बांधली. उघडी ठेवून वाळवायची ही आपली जुनी सवय, पण १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर दाखवून दिलं, की झाकलेल्या, ओलसर जखमेवर नवी त्वचा लवकर चढते. कडेच्या पेशींना ओल्यावर सरकणं सोपं. कोरडी खपली असली तर तिच्या खालून वाट काढावी लागते.

मग आजींनी टाच दाखवली. भेगेवर पिवळी, मऊ खपली, भोवती लाली, हाताला गरम. "दुखत नाही न माय," त्या म्हणाल्या. त्यांना साखरेचा आजार आहे. त्यात पायाची जाणीव बोथट होते, म्हणून न दुखण्याचीच मला धास्ती वाटली. दिंडीतल्या भाऊंसोबत त्यांना तिथल्याच दवाखान्यात पाठवलं. पुढचा रस्ता त्यांनी गाडीतून केला, डोळ्यांत पाणी आणून.

आषाढी झाली की पांडुरंग धापेवाड्याला येतो, ही आमची विदर्भाची पंढरी. इथल्या नदीचं नावही चंद्रभागाच, तिच्या काठी आजी माझी वाट पाहत बसल्या होत्या. दोघी मिळून दर्शनाला गेलो. मला गुडघे टेकता आले नाहीत, उभ्यानेच हात जोडले.

घरी आल्यावर खाज सुटली, कडा उचलल्या. हात लावला नाही. अकराव्या दिवशी आंघोळीत खपली आपोआप सुटली. खाली चकचकीत गुलाबी कातडी. पातळ, आणि आत नव्या रक्तवाहिन्यांची दाटी, म्हणून तो रंग. आता तिथे सावळा डाग धरतो आहे, जायला काही महिने लागतील.

परवा आजींचा फोन आला. टाच कोरडी झाली, पण खपली अजून आहे.

"काढू नका हं, आजी."

"नाही वो. तुझ्यासारखीच पडू देईन."