आमची वाटचाल: गरम कुंड आणि रिकामी दुपार

हिमाचलच्या सहली काढणाऱ्यांची मराठीत कधीच टंचाई नव्हती. आम्ही या धंद्यात उतरलो तेव्हा सगळे विकत होते तेच विकलं: सिमला, मनाली, रोहतांग आणि परतताना चंदीगडचं रॉक गार्डन. पत्रक हातात घेतलं की समोरच्याचा पहिला प्रश्न, "पॉइंट किती दाखवणार?" या शर्यतीत मोठ्या कंपन्यांना गाडी आणि हॉटेल आमच्यापेक्षा स्वस्तात मिळतं. तिथे आमचा निभाव लागणं अवघडच होतं.

रस्ता दाखवला तो ज्येष्ठांच्या एका गटाने. मनालीपासून तीनेक किलोमीटरवर वशिष्ठ गाव आहे. पत्रकात त्याला आम्ही अर्धा तास दिला होता. काकू मंडळी मंदिराच्या आवारातल्या कुंडात उतरली आणि बाहेर यायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी रोहतांगची गाडी परवान्यासकट दारात उभी, तर निम्मे लोक म्हणाले, "तुम्ही या जाऊन. आम्ही इथेच बरे." ३,९७८ मीटरवरची खिंड सोडून माणसं गरम पाण्यापाशी थांबतात, म्हणजे आपल्याला विकायचं आहे ते इथेच आहे, असं बायकोने त्याच रात्री बोलून दाखवलं. हिशोब तीच बघते.

मग आम्ही मुक्काम कमी ठिकाणी आणि जास्त दिवस ठेवायला लागलो. वशिष्ठला सकाळी लवकर कुंड, कारण नंतर गर्दी होते. बायकांचं आणि पुरुषांचं कुंड वेगळं. पाण्याला गंधकाचा वास येतो, म्हणून चांदीचे पैंजण-अंगठ्या खोलीवरच काढून ठेवायला सांगतो, नाहीतर काळ्या पडतात. न्याहारीनंतर ज्यांना चालायचं आहे त्यांनी देवदारांतून जोगिनी धबधब्याकडे जावं. दुपार रिकामी.

ही रिकामी दुपार विकणं सगळ्यात जड गेलं. "पैसे भरून नुसतं बसायचं?" हे ऐकलं नाही असा हंगाम नाही. दुसरा ठरलेला टोला: "गरम कुंडं तर वज्रेश्वरी-गणेशपुरीलाही आहेत!" आहेत की. पण तिथे पाण्यातून बाहेर आलं की घाम फुटतो. इथे ऑक्टोबरच्या सकाळी बाहेर आलात की अंगातून वाफ निघते आणि समोर बर्फाची शिखरं असतात. फोनवर हे पटत नाही, त्यामुळे आता मी वाद घालत नाही. आधी जाऊन आलेल्या एखाद्या काकांचा नंबर त्यांना विचारून देतो.

पार्वती खोऱ्यातलं मणिकरण नंतर जोडलं. तिथलं पाणी अक्षरशः उकळतं. त्या उंचीवर पाण्याला उकळायला ९४ अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भात त्याच पाण्यात शिजतो आणि भाविक कापडाच्या पुरचुंडीत तांदूळ बांधून सोडतात. आंघोळीच्या कुंडात अर्थातच थंड पाणी मिसळलेलं असतं. "खाली ज्वालामुखी आहे का हो?" हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. नाही. पावसाचं आणि बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं.

पत्रकात "संधिवात बरा होतो" असं आम्ही लिहीत नाही. शेजारचे लिहितात, लिहोत. गरम पाण्याने आखडलेले सांधे सैल होतात, बरं वाटतं, तेवढंच सांगतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, भरल्या पोटी उतरायचं नाही, दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर यायचं. आमचा टूर लीडर यावर घड्याळ लावून बसतो. काही जण त्याला मास्तर म्हणतात!

२०२० मध्ये सगळं ठप्प झालं. त्याच ऑक्टोबरात ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा रोहतांगच्या खालून खुला झाला आणि पुढच्या हंगामांत जो तो पलीकडच्या सिस्सू गावाला जायचं म्हणू लागला. आम्ही ती एक दिवसाची जोड म्हणून ठेवली, मुक्काम हलवला नाही. २०२३ च्या जुलैत बियासच्या पुराने कुलू-मनाली रस्ता जागोजागी वाहून गेला. तेव्हापासून जुलै-ऑगस्ट पूर्ण बंद. तसंही १५ जुलै ते १५ सप्टेंबर राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंगला सरकारचीच बंदी असते, आणि सोबत आलेल्या नातवंडांना त्याशिवाय करमत नाही. बियासमध्ये पिरडी ते झिरी राफ्टिंग करून आलेली पोरं संध्याकाळी आजोबांशेजारी कुंडात बसतात, तेव्हा मात्र दोन्ही पिढ्यांची तक्रार एकदम मिटते.

पार्वती खोऱ्यातच वर असलेल्या खीरगंगेसाठी वेगळा, छोटा गट असतो. बरशैणीला गाडी सोडायची, पुढे चांगली काही तासांची चढण आणि मग उघड्यावरचं कुंड. गुडघ्यांची कुरबूर असलेल्यांना मी सरळ नाही म्हणतो. त्यावर रुसून एक कुटुंब दुसरीकडे गेलं, आणि पुढच्या वर्षी वशिष्ठसाठी आमच्याकडेच आलं.

सध्या मनालीच्या अलीकडचं कलाथचं कुंड कार्यक्रमात घ्यायचा विचार चालू आहे. तिथे गर्दी कमी असते. बायकोचं म्हणणं, आणखी एक ठिकाण घातलं की पुन्हा पॉइंटच मोजायला लागू. निर्णय दिवाळीनंतर.