अनारसे, सहावा घाणा: 16 सोडले, एकच हसला

झाले एकदाचे! काल रात्री 16 अनारसे तळले, त्यातला एकच हसला, म्हणजे तुपात पसरून विरघळला. पाचव्या घाण्याची हकीगत ज्यांना आठवते त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको. तेव्हा 9 सोडले होते आणि 7 कढईत पसरून नुसता रवाळ भुगा वर तरंगत होता. तूप तीनदा गाळले, पण जळक्या गुळाचा वास काही जाईना. सगळे टाकून द्यावे लागले.

इतके दिवस मी तुपाच्या आचेच्याच मागे होतो. मंद आच, मध्यम आच, लोखंडी कढई, जाड बुडाची कढई, सगळे झाले. तुमच्यापैकी काहींनी सुचवल्याप्रमाणे कोरडी पिठी मिसळूनही पाहिली. हसणे थांबले, पण अनारसा निबर झाला आणि जाळीचा पत्ताच नाही. मध्ये एकदा विकतचे तयार पीठ आणले होते. डबा उघडल्यावर त्याला आंबूस वास म्हणून नव्हता, म्हणजे तांदूळ तीन दिवस भिजलाच नसावा. त्या वाटेला मी पुन्हा जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका.

खरी गोम गुळात निघाली, आणि ती सापडली आत्यामुळे. आजीचे प्रमाण आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे: वाटीला वाटी. गेल्या आठवड्यात साताऱ्याला गेलो तेव्हा आत्याने आजीची ती पितळी वाटीच हातात ठेवली. मी सहज विचारले, आजी पीठ कसे भरायची? आत्याने उत्तर दिले नाही, हाताने करून दाखवले. पीठ अंगठ्याने दाबत दाबत भरले, वरून बोटाने सपाट केले. गूळ मात्र किसणीवरून पडेल तसा भुरभुरता, हात न लावता. "दाबायचं ते पीठ रे. गूळ दाबला की अनारसा हसलाच म्हणून समज."

मी पाचही वेळा नेमके उलटे करत होतो. पीठ चाळणीतून पडलेले हलके, गूळ दाबून. पुण्याला आल्यावर त्याच वाटीने सगळे मोजले. हलके पीठ 100 ग्रॅम, दाबलेले 148. भुरभुरता गूळ 118, दाबलेला 171. म्हणजे आजीचा गूळ पिठाच्या साधारण 80 टक्के, आणि माझा जवळजवळ पावणेदोनपट! गरम तुपात गूळ वितळून पाक होतो. पिठातल्या ओलीवर तांदूळ शिजून त्या पाकाला धरून ठेवतो, तेव्हाच अनारसा एकसंध राहतो. पाकच जास्त झाला तर तांदळाने धरायच्या आधी सगळे वाहून जाते. शिवाय मी वापरत होतो तो काळपट, मऊ, बिनरसायनाचा गूळ. खायला फार चांगला, पण तो हवेतली ओल ओढतो आणि गोळा बरणीतच पातळ होतो. या वेळी साधी पिवळी, कडक ढेप घेतली. चिक्कीचा गूळ अर्थातच नाही.

बाकीचे थोडक्यात. जुना कोलम, तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदलले. पंच्यावर सावलीत तासाभरच पसरला. दाणा बोटात तुटतो पण हाताला ओल लागते, तेवढाच. मिक्सरला एका वेळी दोनच मुठी, कारण भांडे तापले की पीठ कोरडे पडते. चाळणी मैद्याची. शंभराला ऐंशी गूळ, चमचाभर तूप, आणि गोळा सहा दिवस डब्यात बंद.

पहिला अनारसा सोडला तेव्हा मी श्वास रोखून उभा होतो. खसखशीची बाजू वर. दोन क्षण काहीच नाही, मग कडेने बारीक बुडबुडे आले आणि तो जागच्या जागी फुगायला लागला. झाऱ्याने वरून तूप उडवत राहिलो, उलटला नाही. हळूहळू खसखशीच्या दाण्यांमधून सुईच्या टोकाएवढी भोके उघडत गेली. जाळी! बाहेर काढून चाळणीत उभा ठेवला आणि निथळेपर्यंत तिथून हललो नाही. कड कुरकुरीत, मध्ये मऊ, आणि मागून तो आंबूस वास. थेट आजीची बरणी आठवली.

जो हसला तो शेवटून दुसरा. फोन आला म्हणून गॅस बारीक केला होता आणि तूप 130 अंशांवर आले होते. पुन्हा 150 केल्यावर शेवटचा नीट झाला. तेव्हा आचेला महत्त्व आहेच, पण गूळ बरोबर असेल तरच. तळणीचा थर्मामीटर घ्या, आता तो नसता तर मी पुन्हा गुळालाच दोष दिला असता.

पुढचा घाणा साखरेच्या अनारशांचा ठरवला होता. पण हे लिहिता लिहिता लक्षात आले की 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मेला सुरू होतो, आणि आत्याला जावयाच्या वाणाला 33 अनारसे हवेत. मेच्या उकाड्यात तीन दिवस तांदूळ भिजवायचा तर पाणी एका दिवसात बिघडेल. म्हणजे गोळे आता थंडीतच करून फ्रीजमध्ये ठेवायला हवेत. आधी वाटले नुसते पीठ करून ठेवावे, पण ते वाळणार आणि ओल गेली की सगळेच गेले. गूळ घालूनच ठेवतो. दर महिन्याला एक गोळा काढून दोन अनारसे तळून बघेन, म्हणजे किती टिकते ते कळेल. साखरेचे राहू देत.

आता उठून एक किलो कोलम भिजत घातला. पहिले पाणी उद्या सकाळी सातला बदलायचे आहे.