ती तीन दिवस आली नाही

चौथीचा वर्ग माझ्याकडं आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी भिंतीवर नियमांचा तक्ता लावला. एकमेकांना मदत करू, कुणाला हसणार नाही, असं पोरांनीच सांगितलेलं, मी ठळक अक्षरात लिहिलेलं. नोव्हेंबरात त्याच तक्त्याखाली बसून अख्खा वर्ग एका मुलीला हसला.

आमची शाळा कोल्हापूर शहराला लागूनच, करवीर तालुक्यात. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या शिवारात कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची तर दोघांनाही अंधारात उठून फडात जावं लागतं आणि धाकटी भावंडं थोरल्या मुलीच्या कडेवर येतात. अशीच एक नऊ वर्षांची मुलगी वर्गात आली. "महं दप्तर गावाकडंच राहिलं," एवढंच बोलली. 'माझं'ला 'महं' ऐकून पोरं हसली, मी पोरांना रागावले आणि विषय संपला असं समजले.

दुसऱ्या दिवशी ती तीन वर्षांच्या भावाला घेऊन दारात उभी. "बाळा, लहान मुलांना वर्गात आणायचं नाही," मी म्हणाले. आवाजही चढवला नव्हता. ती मागं वळली आणि पुढं तीन दिवस आलीच नाही.

त्या तीन दिवसांत वर्गातल्या एकानंही तिची चौकशी केली नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. पण मी तरी कुठं केली होती? हजेरीत गैरहजेरी मांडून पुढच्या नावाकडं वळत होते. शाहू महाराजांनी 1917 साली याच करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. हे मी दरवर्षी जयंतीला मुलांना सांगते. आणि स्वतःच्या पायांनी चालत आलेली मुलगी मी दारातून परत पाठवली होती.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर कोप्यांवर गेले. ती चुलीत पाचट सारत होती. भाऊ वाढ्याच्या, उसाच्या शेंड्यांच्या, पेंढीवर झोपलेला. "माझं चुकलं, त्याला घेऊन ये," म्हटलं. तिनं विचारलं, "आन् रडला तर?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे. सेविकाताईंशी बोलले आणि तो दुसऱ्या दिवसापासून तिथं बसायला लागला. पहिल्याच दिवशी हे सुचायला हवं होतं.

वर्गात मी झालेलं सगळं सांगितलं, माझी चूकही. पोरं गप्प ऐकत होती. बाई चुकल्या असं बाईंच्याच तोंडून त्यांनी बहुधा पहिल्यांदा ऐकलं असावं.

मग आम्ही एक फळी केली. 28 मुलं, त्यामुळं दोन्ही बाजूंना 28-28 खिळे आणि सोड्याच्या बाटल्यांची 28 बुचं, प्रत्येकावर एकेकाचं नाव. आल्यावर आपलं बूच डावीकडून उजवीकडं अडकवायचं. परिपाठ झाला की डावीकडं कोण राहिलं ते सगळ्यांना दिसतं. त्या आठवड्याच्या दोघांनी संध्याकाळी त्याच्या घरी जायचं.

सुरुवातीला हे साफ फसलं. दोघं यायची ती चहाड्या घेऊन: "बाई, त्यो गोट्या खेळालाय." गैरहजर पोरं आणखीच बुजली. तेव्हा कळलं की विचारायचं कसं हेही शिकवावं लागतं. आम्ही वर्गातच सराव केला. 'का आला नाहीस' विचारायचं नाही. 'आज आम्ही हे केलं, तू नव्हतास' असं सांगायचं आणि वही दाखवायची. महिना-दीड महिना गेला यात. जानेवारीत एका मुलाच्या घरी आजी आजारी असल्याचं मला पोरांकडून समजलं. त्याच्या पाढ्यांची वही त्यांनी परस्पर पूर्ण करून घेतली होती.

'महं'चंही आम्ही काहीतरी केलं. पुस्तकात 'शेत', आम्ही म्हणतो 'रान', ती म्हणते 'वावर'. पुस्तकात 'मूल', आमचं 'पोरगं', तिचं 'लेकरू'. तीन रांगांचा कागद नियमांच्या तक्त्यावरच चिकटवला. सगळ्यात मोठ्यानं हसलेला मुलगाच मधल्या सुट्टीत तिला शब्द विचारत फिरायचा. ती आता मोठ्यानं वाचायला लागली होती, अडखळत, पण मोठ्यानं.

मार्चमध्ये एका सकाळी तिचं बूच डावीकडंच राहिलं. दोघं संध्याकाळची वाट न बघता मधल्या सुट्टीत पळत गेली आणि परत येऊन म्हणाली, "बाई, कोप्याच न्हाईत." पट्टा पडला होता, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला होता, टोळी रातोरात गेली. तिच्यासाठी भरलेलं शिक्षण हमी कार्ड, स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत दाखवायचं, माझ्या टेबलातच राहिलं. तिच्या गावातल्या शाळेच्या गुरुजींचा नंबर मिळवून कार्डाचा फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, ती शाळेत आली होती.

मी पोरांना सांगितलं. तर तोच मुलगा म्हणाला, "तिकडं ती आली न्हाई तर कोण बघाय जातंय?"

मी गुरुजींना पुन्हा फोन लावला आणि हेच विचारलं. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ते खिळ्यांचं कसं केलंत, सांगा जरा."